गळ की नांगर

मुकादमाचा फोन आला तेव्हा मी चर्चगेटला गाडीची वाट बघत उभी होते. "ताई, पायाच्या खड्ड्यात जुनं लोखंड निघालंय. सगळं गंजलेलं. भंगारवाला आलाय, देऊन टाकू ना?" थांबा, मी येते, असं म्हटलं खरं, पण माहीमला उतरून वाडीत पोचायला पाऊण तास गेला आणि तेवढ्यात लोखंड काट्यावर चढून हातगाडीत पडलं होतं.

मुकादमाला दोष द्यावासा वाटला नाही. एखादं नाणं निघालं असतं तर त्यानेच काम थांबवून चार माणसं बोलावली असती. मूर्तीचा तुकडा निघाला असता तर संध्याकाळपर्यंत त्याला शेंदूर लागला असता. लोखंडाला मात्र आपल्याकडे एकच प्रश्न विचारतात: किती किलो?

भंगारवाला भला माणूस. कोपऱ्यावरच भेटला. हातगाडीवरचा ढीग त्याने माझ्यासमोर फूटपाथवर ओतला. नव्या सळ्यांचे तुकडे, कुणाच्या तरी खिडकीचे गज, फुटका गॅसस्टोव्ह आणि त्यात आमच्या घराखालून निघालेले तांबूस, फुगलेले गोळे. जे ओळखू आले ते मी उचलले. सहा निघाले, बाकीचे ढिगात मिसळून गेले. चालू भावाने पैसे दिले, तर त्यातले वीस रुपये त्याने परत केले. "एवढं कशाला, याच्यात मातीच जास्त आहे."

आमचं घर पणजोबांनी बांधलेलं, बैठं, मंगलोरी कौलांचं. मागच्या बाजूला मोरी आणि मोरीपलीकडे बुजवलेली विहीर, जिच्यावर लहानपणी आम्ही ठिकरीचा डाव मांडायचो. लोखंड त्याच बाजूने निघालं, पुरुषभर खोलीवर, शिंपल्यांनी भरलेल्या काळ्या, ओल्या मातीत. माहीम हे मुंबईतलं जुनं ठाणं. महिकावतीच्या बखरीमुळे मध्ययुगात इथे राज्य केलेल्या बिंबराजाचं नाव इथल्या प्रत्येक घराला माहीत असतं. साहजिकच, पिशवी घेऊन मी आत शिरले तेव्हा शेजारच्या काकांनी निकाल दिलाच, "बिंबाच्या काळातलं असणार!"

मलाही ते हवंहवंसं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण गेली काही वर्षं मी सुट्टीच्या दिवशी पुरातत्त्वाच्या वर्गांना जाते, जमेल तिथे शिकणाऱ्यांबरोबर माती चाळायला बसते. तिथे पहिल्याच महिन्यात एक गोष्ट अंगवळणी पडली: लोखंडाचं वय गंजावरून सांगू नये. गंज वेळेपेक्षा जास्त मिठाचं आणि ओलाव्याचं ऐकतो. दिल्लीचा लोहस्तंभ सोळाशे वर्षं उघड्यावर उभा आहे. त्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे, त्यामुळे वर एक पातळ थर धरला गेला आणि त्यानेच तो राखला. आणि माहीमच्या किनाऱ्यावर परवा बसवलेली ग्रिल दोन पावसाळ्यांत पापुद्रे सोडते. खाऱ्या मातीतलं लोखंड तर आतूनच पोखरतं. मिठातलं क्लोराइड धातूच्या गाभ्यापर्यंत जातं आणि वस्तू वर काढून कोरडी केली तरी थांबत नाही. काही महिन्यांनी तिच्यावर घामासारखे तांबडे थेंब दिसू लागतात आणि एके दिवशी ती आपोआप फुटते. प्रयोगशाळेत अशा वस्तू सोडियम हायड्रॉक्साइडच्या पाण्यात महिनोन्‌महिने बुडवून मीठ बाहेर काढतात.

आईने तोवर सहाही तुकडे बादलीत घालून काथ्या हातात घेतला होता. पितळ्याची भांडी चिंचेने लखलखीत करणारी बाई ती, तिला गंज बघवत नाही. मी अक्षरशः धावले. गंज घासून काढायचा नसतो, कारण बऱ्याचदा वस्तूचा खरा आकार त्या गंजातच उरलेला असतो. धातू विरघळून बाहेर सरकतो, आजूबाजूची वाळू, शिंपलं, खडे धरून फुगतो आणि मधे कधीकधी नुसती पोकळी राहते. लाकडी मूठ कुजून जाते, पण तिच्या धाग्यांवर गंज चढलेला असतो, त्यामुळे लाकडाच्या रेषा तशाच उमटून राहतात. कापडात गुंडाळलेल्या सुरीवर कापडाची वीण सापडते. म्हणूनच अमेरिकेत जेम्सटाउनला, जिथे १६०७ साली इंग्रजांनी वसाहत केली, तिथे उत्खननातून आलेल्या लोखंडी गोळ्यांचे आधी एक्स-रे काढतात. बाहेरून बटाटा दिसणाऱ्या गोळ्याच्या आत किल्ली असते, कुलूप असतं.

माझ्याकडे एक्स-रे नव्हता. घरचा तराजू होता, लोहचुंबक होता, आणि उन्हं कलताना खिडकीतून तिरपा येणारा उजेड होता. तिरप्या उजेडाला मी फार मानते. समोरून सपाट वाटणाऱ्या तुकड्यावर तो घाव, भोकं, झीज सगळं उठवून दाखवतो.

सहापैकी दोन खिळे होते, बोटभर लांब, चौकोनी अंगाचे, टोकाकडे निमुळते. इथे मी आधी फसले होते. परदेशी पुस्तकांत खिळ्यांवरून घराचं वय ठरवायची पद्धत दिलेली असते: साधारण १८०० पर्यंत हातघडीचे, मग यंत्रावर पट्टीतून कापलेले, आणि १८९० च्या सुमारापासून तारेचे गोल खिळे. तिकडे ते चालतं. अमेरिकेत सुरुवातीच्या वसाहतींत खिळा इतका मोलाचा होता की माणसं घर सोडून जाताना खिळ्यांसाठी घराला आग लावायची, आणि व्हर्जिनियात १६४५ साली त्याविरुद्ध कायदा करावा लागला. त्याहून सहाशे वर्षं आधी, कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावर लान्स-ओ-मेडोज इथे स्कँडिनेव्हियातले नॉर्स दर्यावर्दी उतरले होते. तिथेही नॉर्वेच्या इंगस्टाड पती-पत्नींच्या उत्खननात लोहाराच्या कामाची जागा, लोहकीट (लोखंड गाळताना उरणारा मळ) आणि होड्यांचे खिळे मिळाले. जुने, तुटके खिळे काढून नवे ठोकलेले, म्हणजे तिथे होड्यांची डागडुजी चालत होती हे त्यावरून कळलं.

आपल्याकडे मात्र हातघडीचा खिळा म्हणजे जुना खिळा, हे समीकरण लागू पडत नाही. आमच्या लहानपणी घिसाड्यांची पालं रस्त्याकडेला पडायची. बाई घण मारायची, बाप्या सांडशीने लोखंड फिरवायचा, पोरगं भाता हलवायचं, आणि बघताबघता चौकोनी खिळा तयार व्हायचा. अजूनही गावोगाव होतो. माझे दोन खिळे दोनशे वर्षांपूर्वीचे असतील किंवा पणजोबांनी आढ्याला ठोकलेले असतील. एवढ्यावर त्यांना बाजूला ठेवलं.

तिसरी वस्तू बघून मात्र मी उभीच राहिले. तळहातात मावेल अशी चपटी पट्टी, एका बाजूने फुगीर, दुसऱ्या बाजूला जवळजवळ सरळ, एक टोक रुंद आणि एक निमुळतं. स्वल्पविरामासारखी. फुगीर कडेने चार भोकं, त्यातल्या एकात खिळ्याचं डोकं अजून अडकलेलं. शेजारच्या काकांना ती तलवारीच्या मुठीचा भाग वाटली. आईला कोयंड्याची पट्टी. आणि मला मात्र बेल्ह्याचा बैलबाजार आठवला, दोरखंडाने पाय बांधून आडवा पाडलेला खिल्लार, त्याच्या खुराशी बसलेला नालबंद आणि बाजूला फडक्यावर मांडलेल्या अशाच पट्ट्या. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून घोड्यासारखी एक अखंड नाल त्याला चालत नाही. एका पायाला दोन पत्र्या लागतात, डावी आणि उजवी. माझ्या हातात होती ती पत्री. घोड्याची नाल दारावर लावतात, तिची पोस्टकार्डं निघतात. बैलाची पत्री जगभरच्या जुन्या वस्त्यांत सापडते आणि न ओळखता पडून राहते, कारण ती मुळात अर्धीच असते.

आणि तिने एक गोष्ट सांगितली. आमच्या वाडीत पूर्वी नारळीची बाग होती, रहाटाला बैल जुंपलेले असायचे, हे घरात ऐकलेलं. पण मऊ मातीत गोल फिरणाऱ्या रहाटाच्या बैलाला कुणी पत्र्या मारत नाही. पत्री लागते कडक रस्त्याला. म्हणजे हा बैल गाडीचा, खडीवर चालणारा. माहीमचा कॉजवे १८४५ साली झाला. त्यासाठी जमशेटजी जीजीभॉयांच्या पत्नी अवाबाईंनी १,५७,००० रुपये दिले. त्याआधी वांद्र्याला जायचं तर होडी. त्यानंतर वांद्र्याकडचा माल बैलगाडीने थेट माहीमला येऊ लागला. ही पत्री त्याच बैलाची असं मी म्हणत नाही. पण पत्रीच्या आतल्या कडेचा जो भाग झिजून कागदासारखा झाला आहे, तो रस्त्याने खाल्ला आहे. हे मी ठामपणे म्हणते.

मग आली चौथी वस्तू. हिच्यावरून आमच्या घरात आठवडाभर वाद झाला.

वर जाड कडी. कडीखाली वीतभर दांडा. दांड्याच्या तळातून चार बाजूंना चार आकडे वर वळलेले, त्यातला एक तुटलेला. बघणारा प्रत्येक जण म्हणाला, नांगर. होडीचा नांगर. माहीमचा किनारा दोन मिनिटांवर, कोळीवाडा तिथेच, दुसरं असणार काय? मीही तसंच टिपण केलं. "लहान होडीचा चार आकड्यांचा नांगर", असं माझ्या वहीत अजून लिहिलेलं आहे.

खात्री करायला म्हणून कोळीवाड्यातल्या एका आजोबांना बोलावलं. आईच्या शाळेतल्या मैत्रिणीचे वडील ते, वय नव्वदीकडे, मासेमारी सोडूनही वीस वर्षं झालेली. त्यांनी चहा बाजूला ठेवला, कडीत एक बोट घालून वस्तू उचलली आणि अधांतरी लोंबकळू दिली. बराच वेळ नुसती बघत राहिले. "हा नांगर नाय गो. वजन कुठाय याला? गाळात नुसता घसरत जाईल." मग आकड्याच्या टोकावर अंगठा फिरवून म्हणाले, "नांगराचं टोक बाहेर पसरतं, पानासारखं, गाळ धरायला. हे बघ, आत वळलंय. हे कायतरी धरून वर आणायला केलंय."

काय वर आणायला, ते त्यांना सांगता येईना.

ते सांगितलं ठाकूरद्वारच्या मावशीआजीने. आईची मावशी. तिला फोटो पाठवला होता, तिच्या नातीने तो मोठा करून दाखवला, आणि फोनवर तिचा आवाज आला, "अगं, गळ आहे तो! विहिरीतला गळ!"

माझ्या तोंडी गळ हा शब्द फक्त माशाचा होता. तिच्या तोंडी तो घागरीचा होता. पाणी शेंदताना दोर निसटला, घागर बुडाली की गळ टाकायचा. दोराला बांधून विहिरीत सोडायचा आणि तळाशी हळूहळू फिरवायचा. घागरीच्या कानाला नाहीतर बादलीच्या कडीला आकडा लागला की हाताला कळायचं. "हाताला कळायचं," हे ती तीन वेळा म्हणाली. सगळ्या वाडीत गळ एकाच घरी असायचा. तो मागायला जायचं म्हणजे आपली घागर बुडाल्याचं चारचौघांत सांगणं, म्हणून नव्या सुना दुपारी, सगळे झोपल्यावर मागायला जायच्या. गळाला कधी आपली घागर लागायची, कधी दहा वर्षांपूर्वी बुडालेला दुसऱ्याचाच तांब्या.

मी विचारलं, मग आम्हा कुणालाच हे नाव कसं माहीत नाही?

"विहिरीच राहिल्या नाहीत, तर गळ कशाला लक्षात ठेवाल?"

हे ऐकून माझ्या डोक्यात दोन गोष्टी जुळल्या. मुंबईत हिवतापाचा कहर झाला तेव्हा डॉ. चार्ल्स बेंटलींनी शोध घेतला आणि १९११ च्या अहवालात घराघरातल्या विहिरींकडे बोट दाखवलं. तापाचा डास तिथल्या स्वच्छ पाण्यात वाढत होता. विहार तलावाचं पाणी १८६० पासून, तानसाचं १८९२ पासून नळाने शहरात येतच होतं. मग विहिरी झाकल्या गेल्या, बुजवल्या गेल्या. लोकांनी विरोध केला, धर्माची कारणं सांगितली, काही वाचवल्याही. चर्चगेटजवळची १७२५ ची भिका बेहराम विहीर आजही भरलेली आहे, मी रोज तिच्यावरून जाते. आमच्या मोरीमागची बुजवलेल्यांत गेली. ती बुजवताना गळही भराव म्हणून आत पडला असावा. रोग हटला हे चांगलंच झालं, त्याबद्दल मला कसलीही हळहळ नाही. पण विहिरीबरोबर एक काम बुडालं, कामाबरोबर एक हालचाल, आणि हालचालीबरोबर शब्द. शंभर वर्षांत शिकलेसवरलेले आम्ही सगळे विहिरीच्या गळाला समुद्राचा नांगर म्हणू लागलो.

त्या रविवारी मी कान्हेरीला गेले. कितीदा पाहिलेली लेणी, पण या वेळी मूर्तींकडे न बघता भिंतींकडे बघत राहिले. शंभरावर लेणी, सगळी काळ्या बसाल्टमध्ये खोदलेली, एक हजार वर्षं काम चाललेलं. एवढा दगड लोखंडाशिवाय फुटत नाही. टाकीच्या रेघा भिंतीभिंतीवर आहेत, तिरप्या, समांतर, कुठे घाईच्या, कुठे संथ. काही अर्धवट लेण्यांत तर वाटतं, पाथरवट आताच जेवायला गेला आहे. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असं आपण दगडाबद्दल म्हणतो. घाव घालून बोथट झालेल्या टाकीचं काय झालं, हे विचारत नाही. ती दिवसातून कितीदा भट्टीत गेली असेल, पुन्हा धारेला लागली असेल, झिजून बोटाएवढी झाल्यावर दुसऱ्या लोखंडात ठोकून एकजीव झाली असेल. कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याणच्या एका लोहाराच्या दानाची नोंद आहे. ज्याच्या धंद्याची हत्यारं या डोंगरात झिजली, त्याने इथे दानही दिलं, हे मला त्या दिवशी फार मोठं वाटलं.

बोरिवलीला एक्सरच्या वीरगळांवरही तसंच. दगडात कोरलेली लढाई आहे, वल्ह्यांची जहाजं आहेत, धनुष्यं, ढाली, तलवारी आहेत. ज्या तलवारी कोरल्या त्या केव्हाच मातीत गेल्या. विदर्भातल्या शिळावर्तुळांचं, म्हणजे दगडांच्या वर्तुळात केलेल्या प्राचीन दफनांचं, नशीब त्या मानाने चांगलं. माहूरझरीला, नायकुंडला मृतांसोबत पुरलेल्या कुऱ्हाडी, छिन्न्या, घोड्याच्या तोंडातल्या कड्या लोखंडातच मिळाल्या, नायकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीही. त्या कुऱ्हाडींवर लोखंडी पट्ट्या आडव्या गुंडाळलेल्या असतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला नक्षी वाटते, पण त्या दांडा घट्ट धरायला आहेत. ज्याने कधी कुऱ्हाडीचा दांडा ढिला झालेला अनुभवला आहे, त्याला हे क्षणात कळतं.

पाचवा तुकडा चकमकीचा निघाला, गारगोटीवर झाडायचा वाकवलेला पोलादी कडा. आत चार बोटं बरोबर बसतात, बाहेरची कड ठोकून ठोकून खोलगट झाली आहे. त्याबद्दल वाद झालाच नाही.

सहावा मला अजून ओळखता आलेला नाही. वीतभर लांब. एक टोक पळीसारखं, पण उथळ आणि कडेने जाड. दुसरं टोक गुंडाळून छोटी नळी केलेली. मधे दांड्यावर एक तिरका खळगा, गंजाखालीही स्पष्ट दिसणारा. तो घडवलेला नाही, झिजून झालेला आहे. झिजून झालेला म्हणजे तिथे रोज, वर्षानुवर्षं, कुणाचं तरी बोट टेकत होतं. मी कितीतरी प्रकारे धरून पाहिला. खळग्यात अंगठा ठेवला की पळी उलटी होते, पळी सरळ केली की खळगा तळव्याकडे जातो. घरी येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात मी तो देते. भंडारी आळीतल्या काकांना ताडीच्या कामातलं काही वाटलं, पण काय ते आठवेना. आमच्या ओळखीच्या सुतारांना तो डिंक लावायचा वाटला. कोळी आजोबांनी अधांतरी धरून पाहिला आणि मान हलवून परत दिला. मावशीआजीने फोटो बघून सांगितलं, "हात लावल्याशिवाय नाही कळणार."

तो सध्या खिडकीत, कोरड्या डब्यात असतो, चुनकळी घातलेल्या पुडीबरोबर.

गेल्या बुधवारी नव्या मोरीचा नळ बसवायला प्लंबर आला. पंचविशीतला मुलगा, कोकणातून आलेला, फार बोलत नाही. पाना ठेवायला जागा बघत होता तेव्हा डबा सरकवावा लागला. त्याने विचारलं, हे काय? मी नेहमीसारखा तुकडा काढून पुढे केला. त्याने तो डाव्या हाताने घेतला. अंगठा आपसूक खळग्यात गेला, पळी वर आली, समोर, सरळ, आणि गुंडाळलेलं टोक मनगटाखाली बरोबर टेकलं.

"तू डावरा आहेस?" मी विचारलं.

"हो," तो म्हणाला, आणि तुकडा तसाच धरून दोनदा हवेत खालून वर ओढला, काहीतरी खरवडावं तसा.